पस्तीसच गुण पडले तर?

प्रश्न डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: 'सी' भाषेत निकालाचा प्रोग्राम लिहिलाय. रिलेशनल ऑपरेटरची, म्हणजे तुलनेची, सहाही चिन्हं पाठ आहेत, परीक्षेत त्यांच्या तक्त्याला पूर्ण गुणही मिळाले. पण प्रोग्राम बरोबर ३५ गुणवाल्या मुलाला नापास करतो, ८२ टक्केवालीला नुसतं 'उत्तीर्ण' दाखवतो, आणि चुकून १३५ गुण भरले तरी 'गुण योग्य आहेत' असं सांगतो. एरर एकही येत नाही. मग चुकतंय कुठे?

एरर येत नाही, हीच तर यातली गोम आहे. कंस विसरला, अर्धविराम राहिला, तर कंपायलर (आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा) लगेच ओरडतो. > च्या जागी >= हवं होतं, हे त्याला कळायचं काही कारणच नाही; त्याच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. वीसेक वर्षं मी दूध संस्था आणि पतसंस्थांसाठी प्रोग्राम लिहितोय, रविवारी मुलांना शिकवतोही, आणि माझ्या स्वतःच्या चुकांची वही काढली तर निम्मी पानं याच सहा चिन्हांनी भरतील. चिन्हं सोपी आहेत हो. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नेमकं कोण उभं आहे, आणि दोघं सारखेच निघाले तर कुठल्या बाजूला जायचं, एवढं विचारायचं राहून जातं.

एक खुलासा आधीच करतो. खाली व्हेरिएबलची नावं मी देवनागरीत लिहिलीत. पायथन ३ मध्ये अशी नावं खरोखर चालतात, 'सी'च्या सगळ्या कंपायलरांवर चालतीलच असं नाही. प्रोग्राममधल्या संख्या टंकताना मात्र आकडे इंग्रजीच लागतात.

पहिली तक्रार घेऊ. तुम्ही लिहिलं असणार:

गुण > ३५

तुम्ही मनात म्हणालात, "पस्तीसच्या वर गुण असले की पास." बोलताना आपण असंच बोलतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. मशीनला कळत नाही. ३५ हे ३५ पेक्षा मोठे नाहीत, म्हणून उत्तर 'नाही'. हवं होतं गुण >= ३५. लिहायचा क्रमही तोंडच्या क्रमासारखाच: 'मोठा किंवा समान', आधी मोठा, मग समान. => असं उलटं लिहिलंत तर 'सी' नाकारेल, आणि जावास्क्रिप्टमध्ये तर त्याचा भलताच अर्थ आहे, तिथे ते फंक्शन लिहायचं चिन्ह आहे.

आपल्या बोलण्यातले हे शब्द चिन्हांत उतरवणं हे एक वेगळं काम आहे आणि ते कुणी शिकवत नाही. 'किमान ३५' म्हणजे >=. 'जास्तीत जास्त १००' म्हणजे <=. 'शंभरच्या आत' म्हणजे बहुतेकदा <. 'शंभरपर्यंत' म्हणजे <=. यातला सगळ्यात फसवा शब्द 'कमीत कमी'. दरवर्षी वर्गात दोघं-तिघं तरी 'कमीत कमी ३५ गुण हवेत' हे वाचून गुण <= ३५ लिहितात, कारण डोळ्यांना 'कमी' दिसतं आणि हात < कडे जातो. 'जास्तीत जास्त'चंही तेच, उलट्या दिशेने. त्यामुळे माझ्या वर्गातला नियम आहे: शब्दाकडे बघू नका, एक संख्या घेऊन बघा. चाळीसवाल्याला आत घ्यायचंय का? घ्यायचंय. तीसवाल्याला? नाही. मग चोच आपोआप बरोबर दिशेला उघडते. (प्राथमिक शाळेत कुणाला मगरीचं तोंड सांगितलेलं असतं, कुणाला चिमणीची चोच. मी चिमणीवाला.)

'वरील' हा शब्द सरकारी कागदांत फार. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. आता ज्या आजोबांना ७५ पूर्ण होऊन तीन महिने झालेत, ते कुठे बसतात? पंचाहत्तरी उलटलीय, म्हणजे माणसाच्या हिशेबात ते ७५ च्या वर आहेत. पण प्रोग्राममध्ये वय पूर्ण वर्षांत ठेवलं असेल तर तिथे ७५ हाच आकडा आहे, आणि वय > ७५ लिहिलं तर आजोबांना आणखी नऊ महिने अर्धं तिकीट काढावं लागेल. म्हणजे चिन्ह कुठलं हे केवळ नियमाच्या वाक्यावरून ठरत नाही. डावीकडचा आकडा कसा मोजलाय, यावरही ते अवलंबून असतं. असं काही समोर आलं की मी ज्याचं काम आहे त्याला फोन करून विचारतो, "बरोबर एवढेच असले तर काय करायचं?" दहातल्या सात वेळा समोरचा आधी गप्प होतो.

म्हणून कुठल्याही सीमेवर तीन संख्या टाकून प्रोग्राम चालवायचा: ३४, ३५, ३६. तुम्ही बहुधा २० आणि ८० टाकून बघितलं असेल. त्या दोन्हींना > आणि >= मधला फरक कळूच शकत नाही.

नकाराचंही इथेच सांगून टाकतो. >= ची उलट बाजू < आहे, <= नाही. आणि > ची उलट बाजू <=. 'मोठा'च्या विरुद्ध 'लहान' हे मराठीच्या पेपरात बरोबर, इथे चूक, कारण मध्ये 'समान' उभा आहे आणि त्याला कुठल्या तरी एकाच घरात जावं लागतं. == ('समान आहे') ची उलट बाजू != ('समान नाही'). पास्कल आणि बेसिक या भाषांत हेच <> असं लिहितात, डेटाबेसच्या एसक्यूएलमध्येही.

दुसरी तक्रार, ८२ टक्क्यांना 'उत्तीर्ण'. इथे चिन्ह बरोबर आहे, क्रम चुकलाय. तुम्ही पहिला प्रश्न टक्के >= ३५ असा विचारलात. ८२ हे ३५ पेक्षा मोठेच आहेत, उत्तर 'हो', काम संपलं. पुढच्या एल्स-इफकडे ('नाहीतर, असं असेल तर') प्रोग्राम फिरकतही नाही. दहावीच्या निकालासारखं वरून खाली या: आधी >= ७५ विशेष योग्यता, मग >= ६० प्रथम श्रेणी, मग >= ४५ द्वितीय, मग >= ३५ उत्तीर्ण, शेवटी उरलेले.

असं वरून उतरलं की वरची मर्यादा पुन्हा लिहावी लागत नाही. काही जण काळजीपोटी लिहितात: टक्के >= ६० && टक्के <= ७४ (&& म्हणजे 'आणि'). दिसायला नीटनेटकं, पण ७४.५ टक्केवाली मुलगी कुठल्याच श्रेणीत सापडत नाही. ७४ आणि ७५ च्या मध्ये भोक पडलं आणि ती त्यातून खाली गेली. टक्के पूर्णांक असतील तर भोक दिसत नाही. अपूर्णांक आले की उघडं पडतं.

तिसरी तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण गणिताची चांगली सवय असलेलाच माणूस ही चूक करतो. तुम्ही लिहिलं असणार:

० <= गुण <= १००

गणिताच्या वहीत हे शुद्ध आहे. 'सी'मध्ये हे एक वाक्य नाही, दोन आहेत, आणि दुसरं पहिल्याच्या उत्तरावर चालतं. 'सी'मध्ये तुलनेचं उत्तर ही एक साधी संख्याच असते: खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. गुण १३५ असले तर आधी ० <= १३५ तपासलं जातं, उत्तर १. मग १ <= १०० तपासलं जातं. तेही खरं. गुण उणे ५० टाका, पहिलं उत्तर ० येईल, आणि ० <= १०० हेही खरं! म्हणजे या ओळीला 'नाही' म्हणताच येत नाही. तुम्ही फाटक बांधलंत, पण त्याला दार नाही. योग्य लिखाण असं:

गुण >= ० && गुण <= १००

पायथनमध्ये मात्र ० <= गुण <= १०० हे वहीतल्यासारखंच चालतं, तिथे भाषा स्वतःच मध्ये 'आणि' घालते. एका भाषेतून दुसरीत जाताना माणूस इथे हमखास आपटतो. आणि चुकीचे गुण पकडायचे असतील तर गुण < ० || गुण > १०० लिहा (|| म्हणजे 'किंवा'), || च्या जागी && नको. शून्यापेक्षा लहान आणि त्याच वेळी शंभरपेक्षा मोठी अशी संख्या अजून कुणाला सापडलेली नाही.

याच घराण्यातली आणखी एक चूक:

उत्तर == 'ह' || 'न'

तुम्हाला म्हणायचंय, उत्तर ह किंवा न असेल तर. कंपायलरला दिसतं ते असं: एकतर उत्तर ह आहे, नाहीतर 'न'. नुसतं 'न'. ते शून्य नाही, म्हणून खरंच. पुन्हा दार नसलेलं फाटक. प्रत्येक तुलनेला दोन्ही बाजू पूर्ण द्याव्या लागतात: उत्तर == 'ह' || उत्तर == 'न'. (या एका उदाहरणात मी देवनागरी अक्षर समजुतीसाठी घेतलंय. 'सी'च्या एका बाइटच्या अक्षरात ते मावत नाही, तिथे इंग्रजी अक्षर घ्या.)

तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या तुमच्या हातून होईल म्हणून एका = चं सांगतो. समान हे चिन्ह वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्याही दोन गोष्टी असू शकत नाहीत, असं त्याचं कारण होतं. < आणि > ही थॉमस हॅरियटच्या ग्रंथात आली, तो त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये निघाला. संगणक आले तेव्हा पंचकार्डाच्या यंत्रावर < आणि > नव्हतीच, म्हणून फोरट्रान या सुरुवातीच्या भाषेत दोन टिंबांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं लिहून काम भागवलं: 'लेस दॅन'साठी एलटी, 'ग्रेटर ऑर इक्वल'साठी जीई. त्याही आधी, १९५७ च्या पहिल्या फोरट्रानमध्ये एवढंही नव्हतं. तिथल्या इफला एक संख्या द्यायची आणि तीन वाटा: संख्या ऋण असेल तर इकडे, शून्य असेल तर तिकडे, धन असेल तर पलीकडे. दोन संख्यांची तुलना करायची तर वजाबाकी करून द्या. गंमत म्हणजे आजचा प्रोसेसरही आतून हेच करतो. वजाबाकी करतो, उत्तर फेकून देतो, आणि ते शून्य होतं की ऋण एवढ्या खुणा ठेवतो.

अल्गोल ६० या भाषेत 'किंमत ठेव' यासाठी := होतं आणि 'समान आहे का'साठी =. केन थॉम्पसनने बेल लॅबमध्ये 'बी' भाषा केली तेव्हा := चं नुसतं = केलं. मग विचारायला दोन = लागले. 'सी'ने तेच उचललं, 'सी'कडून जावा, जावास्क्रिप्ट आणि बाकीच्या गोतावळ्याने. तेव्हापासून इफ मध्ये एक = विसरणं हा जगभरचा रोग आहे. गुण = ३५ लिहिलं की गुणात ३५ भरले जातात, आणि त्या भरण्याचं उत्तरही ३५, म्हणजे शून्य नाही, म्हणजे खरं. सगळा वर्ग पास, सगळ्यांना ३५.

हा रोग किती गंभीर होऊ शकतो याचा नमुना नोव्हेंबर २००३ मधला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या होत्या. वाचणाऱ्याला वाटेल, वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का हे तपासतायत. शून्य क्रमांक म्हणजे रूट, सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो. पण तिथे == नव्हतं, एकच = होतं. ती ओळ तपासत नव्हती, ती वापरकर्त्याला शून्य क्रमांक देऊन टाकत होती. वर त्या = चं उत्तर शून्य, म्हणजे खोटं, त्यामुळे पुढचा एररचा भागही चालत नव्हता आणि बाहेर काहीच दिसत नव्हतं. मुख्य संग्रहात त्या बदलाची नोंद नाही हे लक्षात आलं म्हणून ते पकडलं गेलं, नाहीतर एका रेघेच्या फरकाने कितीतरी मशीनची दारं उघडी राहिली असती.

काही जण यावर उपाय म्हणून ३५ == गुण असं उलटं लिहितात; एक = विसरला तर ३५ मध्ये काही भरता येत नाही म्हणून कंपायलर अडवतो. मला ते वाचायला कसंतरीच वाटतं. जीसीसी हा कंपायलर वापरत असाल तर सगळ्या सूचना दाखवायचा पर्याय चालू ठेवा, तो अशा ओळीवर बोट ठेवतो. पायथन तर इफ मध्ये एकच = स्वीकारतच नाही.

आता दुधाची गोष्ट. यात मी स्वतः पुरता फसलोय.

एका गावच्या दूध संस्थेसाठी मी बिलाचा प्रोग्राम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळ सभासद किटली घेऊन येणार, मशीन फॅट दाखवणार, फॅटनुसार दर, दहा दिवसांनी बिल. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो आणि पुढे फॅटच्या दर पॉइंटला दर वाढतो. मी ३.५ टाकून बघितलं, अचूक. ४.० टाकून बघितलं, अचूक. संस्थेत प्रोग्राम बसवला, पेढे खाल्ले, घरी आलो. तिसऱ्या बिलाला एक मावशी संस्थेत येऊन बसल्या. म्हणाल्या, "शेजारणीचं फॅट तीन-पाच, माझं तीन-सहा, आणि दर दोघींना एकच कसा?" सचिव म्हणाले, संगणक कधी चुकत नसतो. मावशी उठेनात.

मावशींचं बरोबर होतं. दर पॉइंटला माझी एक ओळ होती, फॅट >= ३.६, फॅट >= ३.७ अशी, आणि फॅट मी फ्लोट या अपूर्णांकाच्या प्रकारात ठेवलं होतं. ३.६ टाकलं तर त्याच्या ओळीला खोटं यायचं. ३.७ टाकलं तर त्याच्या ओळीला खरं. ३.८ ला पुन्हा खोटं, ३.९ ला खरं. एक सोडून एक! चिन्हात काही दोष नव्हता, सीमाही बरोबर होती.

घडत होतं ते असं. संगणकाला अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव, अर्धपाव, त्याचा अर्धा, एवढेच नेमके कळतात. ३.५ म्हणजे साडेतीन, ते त्याला अचूक मांडता येतं, ८.५ सुद्धा. पण दहाव्या हिश्शाचे तुकडे अर्धा-पाव जोडून कधीच पूर्ण होत नाहीत, कुठेतरी तोडावं लागतं. फ्लोटमध्ये जागा कमी, तिथे ३.६ तोडल्यावर ३.५९९९९९९० च्या आसपास राहतं. ओळीत उजवीकडे मी लिहिलेलं ३.६ मात्र 'सी' डबल, म्हणजे दुप्पट जागेचा अपूर्णांक, समजतो. तिथे जागा जास्त, ते ३.६ ला पुष्कळच जवळ. डावी बाजू किंचित लहान, म्हणून >= खोटं. ३.७ तोडताना योगायोगाने वरच्या बाजूला गोळाबेरीज होते, म्हणून ते वाचलं. दोन्हीकडे 'तीन-सहा'च लिहिलेलं, पण पहिलं किलोच्या मापाने मोजलेलं आणि दुसरं सोनाराच्या काट्याने.

(आपले जुने आणे बघा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सगळे अर्ध्याचे अर्धे. तो हिशेब फ्लोटमध्ये पैशापर्यंत अचूक बसला असता. १ एप्रिल १९५७ ला शंभर नये पैसे आले. त्याच वर्षी फोरट्रानही आलं. संगणकाच्या दृष्टीने आपण जरा घाई केली.)

मी केलेला इलाज सोपा होता. फॅट दहापटीने पूर्णांकात ठेवलं. ३.६ च्या जागी ३६, आणि तुलना फॅट >= ३६. पूर्णांकांची तुलना असा तोडातोडीचा दगा देत नाही. पैशांचंही तसंच, रुपये अपूर्णांकात ठेवू नका, पैसे पूर्णांकात ठेवा. मावशींसकट ज्यांचे पैसे कापले गेले होते त्यांचा फरक पुढच्या बिलात निघाला, आणि सचिव अजूनही भेटले की "काय, तीन-सहा?" असं विचारतात.

तुमच्या निकालातही हे येणार. ६५० पैकी गुणांचे टक्के काढून ३५ शी ताडण्यापेक्षा भागाकार टाळा:

गुण * १०० >= एकूण * ३५

एकूण ६५० असतील तर उजवीकडे २२७५०. २२७ गुणवाल्याचे २२७०० होतात, तो बाहेर. २२८ वाल्याचे २२८००, तो आत. कुठे तुटलं नाही, कुठे गोळाबेरीज नाही. तुम्ही गुण / एकूण * १०० लिहिलं असतं आणि दोन्ही पूर्णांक असते तर पैकीच्या पैकी गुणवाला सोडून सगळ्यांना शून्य टक्के आले असते, ते वेगळंच.

जिथे अपूर्णांक टाळताच येत नाहीत तिथे == वापरू नका. डबलमध्येही ०.१ + ०.२ हे ०.३ च्या बरोबर येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. शून्यापासून ०.१ मिळवत 'एक होईपर्यंत' फिरणारा लूप एकवर थांबतच नाही. दहाव्या फेरीला तो ०.९९९९९९९९९९९९९९९९ वर असतो, एकशी != असतो, आणि पुढे निघून जातो. फरक काढा, त्याचं ऋण-धन चिन्ह सोडून द्या, आणि तो पुरेसा लहान आहे का एवढंच बघा. 'पुरेसा' म्हणजे किती, हे कामावरून ठरतं. दुधाला एक, दागिन्याला दुसरं.

लूपवरून आठवलं. पूर्णांकांच्या लूपमध्ये < की <= यावर मुलं तासन्‌तास अडतात. शेताच्या कडेला दहा खांब रोवले तर मध्ये गाळे नऊच. तुम्ही खांब मोजताय की गाळे, ते आधी ठरवा. शून्यापासून सुरू करून < लिहायचं आणि एकूण संख्या जशीच्या तशी उजवीकडे ठेवायची, ही सवय मला पटते: ० पासून सुरुवात, आणि मोजणाऱ्या व्हेरिएबलचं जे नाव असेल ते < ५०, म्हणजे फेऱ्या बरोबर पन्नास. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९८२ मध्ये याच बाजूने एक छोटं टिपण लिहिलं होतं: शेवट वगळला की दोन टोकांची वजाबाकी हीच लांबी येते, आणि एकाचा शेवट ही दुसऱ्याची सुरुवात होते. पन्नास जागांच्या ॲरेवर (ओळीने मांडलेल्या जागांवर) <= ५० लिहिलंत तर एक्कावन्नाव्या जागेला हात लागतो, आणि 'सी' हात पकडत नाही.

पुढच्या सत्रात तुम्ही मुलांची नावं घ्याल, तेव्हा हीच चिन्हं वेगळे रंग दाखवतील. 'सी'मध्ये दोन नावांमध्ये == टाकलं तर नावं नाही, त्यांचे मेमरीतले पत्ते ताडले जातात. दोन घरांत जोशीच राहतात, पण घर क्रमांक वेगळा, म्हणून उत्तर 'वेगळे'. त्यासाठी स्ट्रसीएमपी वापरायचं, आणि ते नावं सारखी असली की शून्य देतं. शून्य म्हणजे इफच्या भाषेत खोटं. म्हणून त्याच्या उत्तरापुढे == ० लिहावंच लागतं. जावामध्ये तर आणखी वाईट: प्रोग्राममध्येच लिहिलेली दोन सारखी नावं == ला खरी ठरतात, आणि वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव आलं की खोटी. घरी चालतं, सरांसमोर पडतं. तिथे इक्वल्स वापरा.

अंक मजकूर म्हणून आले तर त्यांची तुलना शब्दकोशासारखी होते. "१००" < "३५" हे खरं येतं, कारण पहिलं अक्षर १ हे ३ च्या आधी. पुढचं कुणी बघतच नाही. पायथनमध्ये इनपुटमधून येतं ते मजकूरच असतं, आधी इंट, म्हणजे पूर्णांक, करून घ्या. (पायथनच्या इंटला मजकुरातले देवनागरी आकडेही कळतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण मजकूर म्हणून देवनागरीतले पस्तीस आणि इंग्रजी आकड्यांतले पस्तीस == ला वेगळे.)

आणि मराठी नावं लावायला घेतलीत तर दोन गोष्टी सांभाळा. अक्षरांची तुलना त्यांच्या युनिकोड क्रमांकांवर (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) होते, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे < ला विचाराल तर 'काळा' आधी आणि 'कावळा' नंतर. शाळेतल्या वर्णमालेला विचाराल तर उलट. यादी लावायला नुसतं < पुरत नाही, मराठीचा क्रम ठाऊक असलेलं तयार साधन घ्या.

दुसरी गोष्ट 'कऱ्हाड'. यातला ऱ टंकायच्या तीन तऱ्हा आहेत: एकसंध ऱ, किंवा र आणि त्याखाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसू शकतात. == ला तिन्ही वेगळी. एका यादीत मी अर्धा दिवस हुडकत होतो की 'कऱ्हाड'चा सभासद 'कऱ्हाड'मध्ये का सापडत नाही. अक्षरं मोजल्यावर कळलं, एकात सहा खुणा आहेत, दुसऱ्यात सात. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर एकाच तऱ्हेने लिहून घेण्याने) एक होतात. तिसरी आपल्यालाच बदलून घ्यावी लागते.

राहता राहिला एक प्रश्न, जो तुमच्या प्रोग्राममध्ये पुढच्याच आठवड्यात उभा राहील: गैरहजर मुलाचं काय? शून्य टाकलं तर तो नापासांत जातो, आणि शून्य मिळालेला मुलगा आणि न आलेला मुलगा यांत फरक उरत नाही. म्हणून बरेच जण उणे एक टाकतात. गुण जर अनसाइन्ड कॅरॅक्टरमध्ये (ऋण संख्या न घेणाऱ्या एका बाइटच्या जागेत) ठेवले असतील, जागा वाचावी म्हणून मुलं तसं करतात, तर उणे एकचे तिथे २५५ होतात आणि २५५ >= ७५. न आलेला मुलगा विशेष योग्यतेत. डेटाबेसमध्ये ती जागा रिकामी, म्हणजे नल, ठेवली तर आणखी मजा: गुण >= ३५ ची यादी काढा, तो त्यात नाही; गुण < ३५ ची काढा, त्यातही नाही, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं. दोन्ही याद्यांची बेरीज पटाशी जुळत नाही तेव्हाच ते लक्षात येतं. तेव्हा हजेरीचा वेगळा रकाना करा, आधी तो तपासा, आणि मुलगा आलेला असेल तरच गुणांच्या शिडीवर चढवा.